फुकटच्या गाण्याचे पैसे कोण मोजतं?

मावशीला एक जुनं गाणं हवं होतं. तिने फोनवर गाण्याचे बोल टाकले आणि पहिलं आलेलं पान उघडलं. पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली हिरवी बटणं होती, एक नव्हे, पाच. तिने सगळ्यात मोठं दाबलं. नवी खिडकी उघडली, ‘पुढे जाण्यासाठी परवानगी द्या’ म्हणाली. मावशीने दिली. गाणं काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले आहेत’ अशा सूचना यायला लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कर्जाच्या, जुगाराच्या जाहिराती. फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, ‘‘मी गाणं मागितलं रे फक्त. त्यांनी पैसे मागितले नाहीत, मी दिले नाहीत. मग त्यांना माझ्याकडून मिळालं तरी काय?’’

प्रश्न अगदी नेमका होता, आणि तो एकट्या मावशीचा नाही. ‘कुकीज स्वीकारा’ अशी पाटी दिवसातून दहा वेळा बाजूला सारणाऱ्या प्रत्येकाचा आहे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की, क्रोम ब्राउझरमधून माग काढणाऱ्या कुकीज दोन वर्षांत काढून टाकू. मुदत पुढे पुढे सरकत गेली आणि एप्रिल २०२५ पर्यंत तो बेतच मागे पडला. बातमी येऊन गेली. काढून काय टाकणार होते आणि काय तसंच राहिलं, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. मावशीला जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी गाणं हलकं झालं

सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला त्याचे ४४,१०० नमुने घेतात, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगवेगळे. चार मिनिटांच्या गाण्याला त्यामुळे सुमारे ४२ एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या एका मर्यादेचा उपयोग करून घेतला. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासचे बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत. जे ऐकू येत नाही ते साठवायचं कशाला? तेवढं गाळलं की तेच गाणं चार एमबीच्या आत बसतं. हे एमपी३. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

गाणं इतकं हलकं झाल्यावर ते हातोहात फिरणारच होतं. १९९९ च्या जूनमध्ये नॅपस्टर आलं. लोक एकमेकांच्या संगणकातून थेट गाणी घेऊ लागले. रेकॉर्ड कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. मागून आलेल्या कझासारख्या प्रोग्रॅमबरोबर जाहिरातींचे प्रोग्रॅमही संगणकात उतरायचे, आणि ते काय काय करतात हे लांबलचक अटींच्या पोटात कुठेतरी लिहिलेलं असायचं. काहींनी तर गाण्यांचा फोल्डर म्हणून आपली सगळी कागदपत्रंच जगासाठी खुली करून ठेवली होती. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, जवळपास शंभर संस्थांना पत्रं पाठवली, की तुमच्या ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती अशा जाळ्यांवर उघडी पडली आहे.

ते प्रोग्रॅम मागे पडले. त्यांची जागा मावशीला सापडली तशा पानांनी घेतली.

कुकी म्हणजे क्लोकरूमचा बिल्ला

वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. एखाद्या साइटचं एक पान उघडलं आणि पाठोपाठ दुसरं उघडलं, तरी दुसऱ्या वेळी तुम्ही तिला अनोळखीच. खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकून पुढे गेलात, तर टोपली कोणाची हे तिला आठवणार कसं? १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली. साइटने तुमच्या ब्राउझरला एक छोटी नोंद द्यायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझरने ती दाखवायची. हीच कुकी. क्लोकरूममध्ये बॅग ठेवल्यावर मिळणारा क्रमांकाचा बिल्ला डोळ्यांपुढे आणा. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, पण तो दाखवला की तुमचीच बॅग बाहेर येते. यात वाईट काहीही नाही. या बिल्ल्याशिवाय एखाद्या साइटवर लॉगिन करून राहणंसुद्धा अवघड होईल.

अडचण पुढे आहे. एक पान एका मालकाचं दिसलं, तरी त्याचे तुकडे अनेक ठिकाणांहून येतात. मजकूर एकीकडून, चित्रं दुसरीकडून, जाहिरातीची चौकट तिसरीकडून. जिथून जाहिरातीची चौकट येते, त्या कंपनीलाही आपला बिल्ला देता येतो.

आता अशी कल्पना करा की, शहरातल्या शेकडो इमारतींच्या क्लोकरूमचं कंत्राट एकाच माणसाकडे आहे. दवाखान्यात तोच, बँकेत तोच, वाचनालयात आणि नाट्यगृहातही तोच. तुम्ही सगळीकडे एकच बिल्ला दाखवता. त्याला तुमचं नाव ठाऊक नाही. पण बिल्ला क्रमांक ४०२ सोमवारी हृदयरोगाच्या दवाखान्यात होता, मंगळवारी बँकेच्या कर्जाच्या खिडकीपाशी आणि बुधवारी वकिलाकडे, एवढं त्याच्या वहीत आपोआप लिहिलं जातं. कोणत्याही एका इमारतीला तुमच्याबद्दल एवढं माहीत नसतं. कंत्राटदाराला असतं.

याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. क्रोममधून जाणार होती ती हीच. फोनमधल्या ॲपमध्ये हेच काम फोनला दिलेला जाहिरात आयडी करतो. पुढे मी दोघांनाही बिल्लाच म्हणेन.

सेकंदाच्या दहाव्या भागातला लिलाव

मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

पानावर जाहिरातीसाठी सोडलेली चौकट आपण पान उघडतो तेव्हा रिकामी असते. आपलं बोट लागणं आणि पान दिसणं या मधल्या वेळात तिचा लिलाव होतो. साधारण १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो.

लिलाव पुकारणारी कंपनी, म्हणजे जाहिरातींचा बाजार, एकाच वेळी अनेक खरेदीदारांना हाक घालते. त्या हाकेत काय काय असतं? उघडलेल्या पानाचा पत्ता. फोन कोणता, त्याची भाषा कोणती, पडदा केवढा. इंटरनेटच्या जोडणीवरून कळणारं अंदाजे ठिकाण, आणि ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर कधी कधी अगदी नेमकं ठिकाण. आणि बिल्ल्याचा क्रमांक. काही वेळा वयोगट आणि आवडीनिवडीही जोडलेल्या असतात. खरेदीदारांचे संगणक हा क्रमांक आपापल्या वह्यांत शोधतात, ‘ही बाई मिळवायला किती मोजावेत’ याचा हिशेब करतात आणि बोली लावतात. जास्त बोलीवाल्याची जाहिरात चौकटीत येऊन बसते. पानावर सहा चौकटी असतील, तर सहा लिलाव.

बहुतेकांना जे ठाऊक नसतं ते आता सांगतो. भाजीच्या लिलावात बोली हरणारा रिकाम्या हाताने घरी जातो. इथे तसं होत नाही. हाक सगळ्यांनाच ऐकू गेलेली असते. जो हरला, त्याच्यापर्यंतही पानाचा पत्ता, ठिकाण आणि बिल्ला पोहोचलेला असतो. ती माहिती त्याने साठवून ठेवू नये असा नियम असला, तरी ठेवली की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मोबाइलवॉला या कंपनीवर नेमका हाच ठपका ठेवला. बोली जिंकलेली नसतानाही लिलावाच्या हाकांमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती ती गोळा करत होती, असं आयोगाचं म्हणणं होतं.

म्हणजे मावशीने त्या पाचांतलं एकही बटण दाबलं नसतं, पान उघडून नुसतं परत फिरली असती, तरी तिच्याकडून जे घ्यायचं ते घेऊन झालं होतं. पानाच्या मालकाला चौकटींचे पैसे मिळाले. दलालांना आपला वाटा मिळाला. अनेक अनोळखी वह्यांमध्ये तिच्या बिल्ल्यासमोर एक ओळ वाढली. गाणं ज्यांनी गायलं, ज्यांनी वाजवलं, त्यांना त्यातलं काहीही मिळालं नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

अशा पानांवरच्या जाहिराती इतक्या घाणेरड्या का?

नावाजलेल्या कंपन्यांना चोरीच्या मालाशेजारी आपलं नाव नको असतं. लंडन शहर पोलिसांनी २०१३ मध्ये यासाठी एक मोहीमच सुरू केली. कॉपीराइट मोडणाऱ्या साइटची यादी करायची आणि ती जाहिरात कंपन्यांच्या हाती द्यायची, म्हणजे त्या साइटची रसद तुटेल. चांगले जाहिरातदार गेले की उरतात ते इतर ठिकाणी उभे न केले जाणारे: जुगार, खोटे अँटीव्हायरस, एका रात्रीत कर्ज. यांच्याकडून दर चौकटीमागे पैसे थोडे मिळतात, म्हणून चौकटी वाढवतात, खिडक्यांमागे खिडक्या उघडतात.

पाच हिरव्या बटणांचं कोडंही इथेच सुटतं. त्यातली बहुतेक बटणं म्हणजे बटणाचं रूप घेतलेल्या जाहिराती होत्या. ज्याला डाउनलोड हवं आहे तो ‘डाउनलोड’ या शब्दावरच बोट ठेवणार, हे जाहिरातदाराला पक्कं ठाऊक असतं. खरा दुवा असलाच तर खाली, बारीक अक्षरांत.

आणि ती ‘परवानगी’? साइट बंद असतानाही सूचना पाठवता याव्यात, अशी सोय ब्राउझरमध्ये असते. बातम्यांसाठी, टपालासाठी ती उपयोगी आहे. मावशीने तीच परवानगी त्या पानाला दिली होती. तिच्या फोनमध्ये व्हायरस शिरलाच नव्हता. ‘व्हायरस सापडला’ ही सूचनाच जाहिरात होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढून टाकली आणि सगळं शांत झालं. हे ऐकून तिला जेवढा धीर आला, तेवढा माझ्या बाकीच्या कुठल्याच बोलण्याने आला नाही.

‘पण त्यात माझं नाव कुठे असतं?’

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, सुशिक्षित माणसांकडूनही. नाव नसतं हे खरं. नावाची गरज पडत नाही, हेही तितकंच खरं.

२००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी साडेसहा लाख वापरकर्त्यांनी शोधयंत्रात टाकलेले सुमारे दोन कोटी शोध खुले केले. नावं काढून त्या जागी क्रमांक घातले होते. थोड्याच दिवसांत पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका क्रमांकामागची बाई शोधून काढली आणि तिच्या दारात जाऊन उभे राहिले. माणूस आपलं गाव शोधतो, आपलं आडनाव शोधतो, आपला आजार शोधतो. तुकडे जुळायला वेळ लागत नाही. त्याआधी लटान्या स्वीनी या अभ्यासिकेने दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं वेगळी ओळखता येण्याजोगी आहेत.

बिल्ला फेकून दिला तरी ओळख उरते. ओळखीचा माणूस लांबून नुसत्या चालीवरून कळतो, तसाच ब्राउझरही कळतो. त्याची आवृत्ती, पडद्याचा आकार, त्यात असलेले फाँट, घड्याळाचा प्रदेश, अशा बारीकसारीक गोष्टींचा मेळ बहुधा एकमेव असतो. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्के असे एकमेव निघाले. कुकी निदान पुसता तरी येते. चाल पुसता येत नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त वाईट वाटते.

‘लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: आजाराबद्दल रात्री तीन वाजता शोधलेलं पान विमा विकणाऱ्याला कळावं का? कर्जात बुडालेल्या माणसाला आणखी कर्जाची जाहिरात नेमकी त्याच आठवड्यात दिसावी का? यात लपवण्यासारखं काही नसेलही. विकण्यासारखं नक्की आहे.

फोन आपलं बोलणं ऐकतो का?

‘बोलले एकदा, आणि लगेच जाहिरात आली’ हेही मावशीचंच. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज टिपून पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र पडद्यावर चाललेलं टिपून बाहेर पाठवत होती. बोलण्यानंतर जाहिरात येते, कारण बोलण्याआधी आपण किंवा घरातल्या कोणीतरी ती गोष्ट शोधलेली असते, आणि एकाच वायफायवरचे फोन एका घरातले हे ओळखणं सोपं आहे. ऐकायची गरज त्यांना सहसा पडत नाही.

पैसे भरले की पाळत थांबते ना?

‘जे फुकट मिळतं तिथे विकला जाणारा माल तुम्हीच’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं आहे. मला ते अर्धंच पटतं. २००५ मध्ये सोनी बीएमजी कंपनीच्या सीडी लोकांनी पूर्ण पैसे मोजून विकत घेतल्या होत्या. त्या संगणकात घातल्या की नकल रोखण्यासाठी एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरायचा आणि स्वतःला लपवून ठेवायचा. मार्क रसिनोविच या तज्ज्ञांनी तो उघडकीला आणला, कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. म्हणजे पैसे भरणं हे संरक्षण नव्हे. गाण्यांच्या सशुल्क सेवाही तुम्ही काय, किती वाजता, किती वेळा ऐकलं याची नोंद ठेवतात. पैसे भरल्यावर जाहिराती जातात. नोंदवही जाईलच असं नाही.

तरी कायदेशीर सेवा आणि ते हिरव्या बटणांचं पान यांना मी एका मापाने मोजणार नाही. जाहिरातींवर चालणारी कायदेशीर सेवा उत्पन्नातला वाटा गाण्याच्या हक्कदारांना देते. वाटा पुरेसा आहे का, यावर कलावंत भांडतात, आणि त्यांनी भांडावंच. पण तिथे भांडायला समोर कोणीतरी असतं.

जाहिराती बंद झाल्या तर फुकटचं सगळंच बंद होईल

जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या साइटवर वेबवरच्या पहिल्या काही जाहिरातींच्या पट्ट्या लागल्या, तेव्हा वाचणाऱ्याचा माग काढणारं हे जाळं नव्हतंच. वाद्यांबद्दलच्या लेखाशेजारी वाद्यांची जाहिरात लावायला वाचणारा कोण हे कळावं लागत नाही, लेख कशाबद्दल आहे एवढं कळलं की पुरतं.

हे कागदावरचं गणित नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० च्या सुरुवातीपासून आपल्या साइटवर माग काढणाऱ्या कुकीज बंद केल्या आणि पानावरच्या मजकुरानुसार जाहिराती लावल्या. पहिल्या दोन महिन्यांत जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा वाढलं. दलालांचा वाटा वाचला, हे त्यामागचं एक कारण. प्रत्येक साइटला असंच यश येईल असं मी म्हणणार नाही. पण ‘पाळत नसेल तर इंटरनेट चालणारच नाही’ हा दावा यापुढे टिकत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी फोनच्या ब्राउझरमध्ये साइट सेटिंग उघडून कोणाकोणाला सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ते पाहा. ओळखीची नसलेली नावं काढून टाका. अँड्रॉइडमध्ये जाहिरात आयडी पुसून टाकता येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून ॲपला माग काढण्याआधी विचारावं लागतं, तिथे सरळ नकार द्या. सफारी आणि फायरफॉक्स दुसऱ्यांचे बिल्ले आपणहून अडवतात किंवा साइटसाइटपुरते वेगळे ठेवतात. क्रोममध्ये ते सेटिंगमधून अडवावे लागतात. इनकॉग्निटो खिडकीवर फार विसंबू नका. ती बंद केल्यावर तुमच्या फोनमधल्या खुणा पुसते, पण तिकडच्या वहीत झालेली नोंद पुसत नाही.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लावावं का? मी लावतो, आणि अशा संशयास्पद पानांवर तर ते सुरक्षिततेचंच साधन आहे, कारण जाहिरातीच्या चौकटीतून घातक प्रोग्रॅमही येतात. ज्या साइट मला मनापासून आवडतात, तिथे ते बंद करतो किंवा वर्गणी भरतो.

गाणं उतरवताना फाइलचं शेपूट आणि आकार पाहा. मघाचा आकडा इथे कामाला येतो. चार मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण चार ते दहा एमबीचं असतं. फाइल तीनशे केबीची असेल, किंवा नावाच्या शेवटी ‘एमपी३’च्या पुढे ‘ईएक्सई’ किंवा ‘एपीके’ असेल, तर ते गाणं नव्हे, प्रोग्रॅम आहे. उघडू नका.

आणि राजरोसपणे फुकट मिळणारी गाणीही पुष्कळ आहेत. फ्री म्युझिक आर्काइव्हवर कलावंतांनी आपणहून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापरायची मुभा देऊन, ठेवलेलं संगीत आहे. बँडकॅम्पवर काही कलावंत ‘द्यायचं ते द्या’ म्हणतात, त्यात शून्यही चालतं. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला कॉपीराइटमधून मोकळी झाली. त्या काळातल्या तबकड्यांची खरखरीसकट केलेली हजारो मुद्रणं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत.

मावशीचं गाणं काही त्यात सापडलं नाही, ते पुढच्या काळातलं होतं. एका कायदेशीर सेवेवर मिळालं, मध्ये दोन जाहिराती ऐकाव्या लागल्या. दुसरी जाहिरात चालू असताना तिने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘‘हिचा लिलाव आत्ताच झाला ना?’’

झाला होता.